सीनाकाठचा पांढरा मका : मिश्र वाण तयार करतानाच्या नोंदी (२०२३ ते २०२५)

जागा सोलापूर जिल्ह्यातला मोहोळ तालुका, सीना नदीपासून जवळ. जमीन मध्यम काळी, एका टोकाला मुरमाड. विहीर आणि ठिबक. घरी गाई आहेत, त्यामुळे मका दाण्याइतकाच चाऱ्याला लागतो. दरवर्षी संकरित बियाण्याची पिशवी आणायची आणि ऑगस्टच्या पावसाच्या खंडात सगळं रान एकाच आठवड्यात तुऱ्यावर येऊन एकदमच फसायचं, याला कंटाळून चार ठिकाणचा मका एकमेकांत मिसळून त्यातून घरचा वाण निवडायचं सुरू केलं. संकरित वाणाचं रान दिसायला देखणं असतं, कारण झाडन् झाड सारखं. पण पाऊस नेमका त्याच आठवड्यात गेला तर फटकाही सगळ्यांना सारखाच. मला मागे-पुढे फुलणारा, थोडा ओबडधोबड, पण बी घरचं राहील असा मका हवा होता. कुणी करणार असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी जशाच्या तशा देतोय.

२८ मे २०२३

बियाणं जमलं. चार ठिकाणचं:

सातपुड्यातला पांढरा, धडगावकडून. तिकडे घरोघर अजून जुना मका टिकून आहे. ओळखीच्या शिक्षकांनी कणसंच पाठवली, सोललेली नाहीत.
बार्शीकडच्या पाहुण्यांचा बांधावरचा पांढरा. बुटका, लहान कणीस, दाणा दगडासारखा.
आफ्रिकन टॉल, चाऱ्याचा. हा सगळ्यांना माहीत आहे.
कृषी विद्यापीठाचं एक पिवळं संमिश्र वाण, म्हणजे अनेक वाण मिसळून केलेलं. कणीस भरतं चांगलं, ताट पडत नाही.

बी मागताना किलोवर मागू नका, कणसावर मागा. मक्यात एका कणसाची आई एकच असते. किलोभर दाणे दिसायला भरपूर, पण ते आठ-दहा कणसांचेही असू शकतात. मग हजार झाडं लावली तरी ती त्या आठ-दहा आयांचीच लेकरं. सातपुड्याची मला पन्नासच्या वर कणसं मिळाली, वेगवेगळ्या घरांतली. बार्शीची मात्र वीस-बावीसच. हे पुढे नडलं, त्याची नोंद खाली येईल.

वाण पांढराच ठेवायचा ठरवलं. घरात भाकरीला पांढरा चालतो हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: मक्यात बाहेरचा पराग आला की त्याचा रंग त्याच वर्षीच्या दाण्यात दिसतो. पिवळा रंग पांढऱ्यावर वरचढ. पांढऱ्या कणसात पिवळा दाणा दिसला की समजायचं, शेजारच्या रानातून पराग आलाय. पांढरा रंग हा आपला फुकटचा पहारेकरी. पण मग पिवळं वाण कशाला घेतलं? त्याच्या ताटाची ताकद हवी म्हणून. ते फक्त आई म्हणून वापरायचं, पराग टाकणारे तुरे सगळे काढायचे आणि पुढच्या पिढीत पांढरे दाणे वेचायचे.

१२ जून २०२३

उगवण तपासली. ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवले. सातपुडा ९१, आफ्रिकन टॉल ८८, पिवळं ९५. बार्शीचा ५४. दाण्यांना सोंडे लागले होते, भोकं बारीक होती म्हणून वरवर पाहून कळलं नव्हतं. त्याचे दोन-दोन दाणे टाकायचे ठरवलं. पाऊस नाही. मृग कोरडा.

२९ जून ते १६ जुलै २०२३ : टोकण

आठ गुंठे. अंतर ७५ बाय २० सेंमी. फुलोरा जुळवण्यासाठी मागे-पुढे लावलं. आफ्रिकन टॉल उशिरा तुऱ्यावर येतो, म्हणून तो २९ जूनला ठिबकच्या जिवावर लावला. बाकी सगळं ९ जुलैला. सातपुडा सगळ्यांत हळवा, म्हणजे लवकर येणारा, म्हणून त्याचे थोडे दाणे मागे ठेवून १६ जुलैला पुन्हा दोन ओळी लावल्या. ह्या दोन ओळींनीच पुढे वाचवलं.

पांढरे तिन्ही एकमेकांत मिसळून लावले, दर तिसरी ओळ पिवळ्याची. पिवळ्याच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला लाल रंग दिलेली काठी रोवली. कामाला येणाऱ्या बायकांना ओळ ओळखायला हाच उपाय. वहीतला नकाशा रानात कुणी उघडत नाही.

२ ऑगस्ट २०२३

लष्करी अळी. २०१८ साली कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातही आली, तेव्हापासून मका लावणाऱ्याने ही धरूनच चालायचं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, ओला भुसा दिसला की आत असतेच. आधी निंबोळी अर्क मारला. लहान अळीवर बरा, मोठीवर काही नाही. मग एमामेक्टिन बेंझोएट, पंपाचं तोंड थेट पोंग्यात धरून. औषध आणि मजुरी मिळून साडेअकराशे. कुठल्या वाणाला कमी लागली ते पाहायला गेलो, पण मागे लावलेल्या ओळींना कोवळी असताना जास्त लागली. तो फरक वाणाचा नसून तारखेचा. त्यावरून कुठलाही वाण काढला किंवा ठेवला नाही.

२४ ऑगस्ट २०२३ : तुरे काढणं

पाऊस पूर्ण गायब. विहिरीने तळ दाखवला, ठिबक दिवसाआड तासभर.

पिवळ्याचे तुरे यायला लागले. तुरा पोंग्यातून पुरता बाहेर येतो, पण पराग उडायला लागलेला नसतो, तेवढ्यातच तो ओढायचा. सकाळी उजाडल्या उजाडल्या. एक दिवस उशीर झाला की पराग गेलाच. ओढताना सरळ वर ओढायचा. वाकवला तर वरची दोन-तीन पानं घेऊन येतो आणि तेवढं कणीस हलकं पडतं. कधी तुरा अर्ध्यात मोडतो आणि खालचा तुकडा पोंग्यातच राहतो. चार दिवसांनी तोच तुकडा उमलून पराग टाकायला लागतो. असे बरेच सापडले, म्हणून ओळींतून रोज पुन्हा फिरावं लागलं. बुडातून फुटलेल्या पिलांनाही तुरे येतात, तेही बघायचे.

कामावरच्या मावशी म्हणाल्या, "एवढा तुरा आलाय अन् उपटून टाकताय व्हय? मग कणीस कशाचं भरायचं?" त्यांना शेजारच्या पांढऱ्या झाडाचा तुरा हलवून दाखवला. धूर उडावा तसा पराग उडाला. मग त्यांचं मत बदललं. तुरे गाईंना.

हे काम किचकट आहे हे खरंच. अमेरिकेतल्या बियाणे कंपन्यांनी तुरे काढायची मजुरी वाचवायला 'टेक्सास' नावाची नर-वंध्य जात वापरली. तिच्या तुऱ्यात परागच धरत नाही. सोय एवढी झाली की १९७० पर्यंत तिथला सुमारे ८५ टक्के मका त्याच एका आईकडून आलेला होता. त्या वर्षी पानावरच्या करप्याची अशी जात आली की तिला नेमकी हीच आई मानवली. देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. आपल्या बायकांची तीनशे रुपये हजेरी त्यापुढे स्वस्त.

३० ऑगस्ट २०२३

आता खरी अडचण. तुरे आले, पण कणसावरचे केस येत नाहीत. पाण्याचा ताण पडला की मका तुरा वेळेवर काढतो आणि केस मागे ठेवतो. केस बाहेर येईपर्यंत पराग संपलेला. कणसाच्या प्रत्येक दाण्याला स्वतःचा एक केस असतो. त्याला पराग मिळाला नाही की ती जागा रिकामी.

मेक्सिकोतल्या सिमिट संस्थेने दुष्काळाला तग धरणारा मका काढताना हेच मोजलं होतं: मुद्दाम पाणी तोडायचं आणि तुरा व केस यांच्यात ज्या झाडाला कमी दिवस लागतात तेच बियाण्याला ठेवायचं. आपल्याकडे पाणी तोडायची गरजच नव्हती. बाजारातून लोकरीचे गुंडे आणले. तुरा आला की पांढरा धागा, केस आले की त्या-त्या दिवसाचा रंग. धागा कणसाखालच्या देठाला बांधायचा, ताटाला बांधला तर काढणीत हरवतो. साठ रुपयांची लोकर पुरली.

पराग लागला का हे बघायची सोपी रीत: एक कणीस काढून पानं हळूच सोलायची आणि कणीस उलटं धरून झटकायचं. ज्या दाण्याला पराग लागला त्याचा केस गळून पडतो. चिकटून राहिलेले केस म्हणजे रिकामे दाणे. बार्शीच्या बुटक्या मक्याचे केस झटकल्यावर जवळपास सगळे गळाले. आफ्रिकन टॉलच्या कणसाच्या शेंड्याकडचा निम्मा भाग चिकटलेलाच.

आफ्रिकन टॉलला लवकर लावूनसुद्धा त्याचा तुरा सातपुड्याच्या केसांना उशिरानेच मिळाला. दहा दिवसांचं अंतर कमी पडलं. १६ जुलैच्या दोन ओळींना तेवढा त्याचा पराग लागला. परत करायचं तर पंधरा दिवस आधी लावा.

१४ ऑक्टोबर २०२३ : काढणी आणि उकिरड्याचा घोळ

हा ऑगस्ट देशात १९०१ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला असं जाहीर झालं. कणसं पाहून ते वेगळं सांगायला नको होतं. दात पडलेली कणसं बरीच.

सगळी कणसं अंगणात पसरली, मोठी आणि भरलेली एका बाजूला काढली. मनात आलं, हीच बियाण्याला. धाग्यासोबत ओळीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी होती म्हणून बरं झालं. पाहिलं तर मोठ्या कणसांतली निम्मी रानाच्या पश्चिमेकडच्या एकाच कोपऱ्यातली. तिथे आजोबांच्या काळी उकिरडा होता. त्या कोपऱ्यात काहीही लावलं तरी जोमानंच येतं. म्हणजे मी चांगला मका निवडतोय असं समजून चांगली माती निवडत होतो.

यावर तोड जुनी आहे. गार्डनर नावाच्या नेब्रास्कातल्या पैदासकाराने १९६१ साली मांडली: रानाच्या लहान लहान चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीतली चांगली झाडं तिच्या आतल्याच झाडांशी तोलून निवडायची. उकिरड्याच्या चौकटीतून पाच तर मुरमाच्या चौकटीतूनही पाचच. मुरमातलं कणीस दिसायला बारीक असलं तरी ते तिथल्या बाकीच्यांपेक्षा भरलं असेल तर ते खरं.

ढीग पुन्हा एकत्र केला आणि ओळींच्या क्रमांकावरून तुकड्यातुकड्याने निवड केली. शेवटी १८० कणसं ठेवली: सातपुडा ६०, बार्शी ५०, आफ्रिकन टॉल ३०, पिवळ्या आयांची ४०. पिवळ्या आयांची कणसं अर्थातच पिवळीच. पिवळा रंग वरचढ.

एक गोष्ट निवडीत धरली जी सहसा कुणी धरत नाही: कणसाच्या शेंड्यावर पानं घट्ट मिटलेली आहेत का. संकरितात शेंडा उघडा राहतो आणि सोंडे रानातूनच घरात येतात. सातपुड्याच्या कणसाचं टोक दोन बोटं पुढं जाऊन पिळल्यासारखं बंद असतं.

डिसेंबर २०२३

रब्बी लावली नाही. उजनी धरण भरलंच नाही, कालव्याच्या आवर्तनाची खात्री नाही, विहिरीचं पाणी गाईंना. बी साठवलं. मीठ गरम करून कोरडं करायचं, बरणीत मूठभर दाण्यांबरोबर हलवायचं. मीठ बरणीला चिकटलं तर बी अजून ओलं. चिकटलं नाही की पत्र्याच्या डब्यात, वरून राख. कणसं सोलून एकत्र करू नका. प्रत्येक कणसाची वेगळी कागदी पुडी. पुड्या बांधायला आई आणि वहिनींनी दोन संध्याकाळी दिल्या आणि तेवढे टोमणेही.

१६ जून २०२४

उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर गेल्या डिसेंबरात बंधनं आली, त्याऐवजी इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली, हमीभावही यंदा क्विंटलला २,२२५ रुपये. परिणाम असा की आमच्या बांधाला लागून अण्णांनी पहिल्यांदाच दोन एकर मका टाकला. पिवळा संकरित. बीजोत्पादनाच्या नियमाने संमिश्र वाणाला निदान २०० मीटर अंतर हवं. आमच्यात बांध आणि बैलगाडीची वाट.

अण्णांना सांगून काही उपयोग नव्हता आणि सांगायचा हक्कही नव्हता. ते म्हणाले, "अरे, तू तुझा नंतर लाव की." तेच केलं. त्यांची पेरणी १४ जूनची, आम्ही १० जुलैला लावायचं ठरवलं. पंचवीस-सव्वीस दिवसांचं अंतर पडलं की फुलोरा चुकतो.

१० जुलै २०२४

१२ गुंठे, साधारण ८,००० टोकणी बसतात. १८० कणसं, प्रत्येकाचे ४५ दाणे, म्हणजे ८,१००. दाणे मोजूनच घ्यायचे. मोजले नाहीत तर मोठ्या कणसाचे सहाशे दाणे जातात, लहानाचे दीडशे, आणि दोन-तीन हंगामांत रान त्या मोठ्या कणसांच्याच वंशाचं होतं.

कणसं इतकी जास्त का ठेवायची असं बरेच जण विचारतात. १८९६ साली इलिनॉय विद्यापीठात एका साध्या पांढऱ्या वाणाची १६३ कणसं घेऊन तेलाच्या प्रमाणावर निवड सुरू झाली. सुरुवातीला तेल सुमारे ५ टक्के होतं. शंभर पिढ्यांनंतर ते २० टक्क्यांच्या आसपास गेलं आणि बाहेरचा एक दाणाही मिसळला नव्हता. एवढं सगळं त्या १६३ कणसांत आधीपासूनच दडलेलं होतं. दहा कणसं घेतली असती तर बहुतेक लवकरच अडकले असते.

२१ जुलै २०२४

बार्शीच्या कणसांच्या ओळींत पांढरीफेक रोपं उगवली. पानाला हिरवा ठिपका नाही. दाण्यातला साठा आहे तोवर जगतात, मग कोलमडतात. आठवड्यात सगळी गेली. हे रोग नाही, खताची कमतरताही नाही. असे दोष मक्याच्या प्रत्येक जुन्या वाणात लपलेले असतात. आई-बाप नात्यातले निघाले की उघडे पडतात. बावीस कणसांवर टिकवलेलं बी आणि त्याच्या आधी पाहुण्यांनी तर किती कमी कणसांवर टिकवलं असेल. औषध एकच: इतरांत मिसळू देणं. फवारणी करू नका. कृषी सेवा केंद्रात याला झिंक सांगतील.

२ सप्टेंबर २०२४ : अण्णांची दुबार

आमचं गणित अण्णांच्या दुबार पेरणीने मोडलं. जूनच्या अखेरच्या पावसात त्यांच्या खालच्या अर्ध्या एकरात पाणी साचून उगवण गेली होती, त्यांनी ५ जुलैला तेवढं पुन्हा टोकलं. आम्हाला कळलं ते त्यांचा आणि आमचा तुरा एकाच आठवड्यात आला तेव्हा. आणि ते अर्ध एकर नेमकं आमच्या बांधालगत.

मूळच्या सातपुड्याचं थोडं बी वेगळं टिकवायचं होतं. त्यासाठी केस यायच्या आधी कणसांवर कागदी पिशव्या चढवल्या, तुऱ्यांवर मोठ्या पिशव्या. सकाळी तुऱ्यांच्या पिशव्या झटकून पराग एका ताटलीत, चाळून, सगळ्यांचा एकत्र, मग पिशवी क्षणभर उघडून केसांवर. पावसाने पिशव्या भिजून फाटल्या, ओला पराग गोळे होऊन बसला. स्टेपलर पिना गंजल्या. टिकली ती फक्त मेणकागदाची पाकिटं, शेकडा १८० रुपये. सात-आठशे रुपये यात गेले आणि हाती आली तीसेक कणसं. पावसाळ्यात हे करू नका, रब्बीत करा.

पिवळ्या आयांच्या ओळींचे तुरे पुन्हा सगळे काढले. म्हणजे आपल्या रानात उडणारा पराग सगळा पांढऱ्याचा. आता जो पिवळा दाणा पांढऱ्या आईच्या कणसात दिसेल तो अण्णांचा.

२६ ऑक्टोबर २०२४ : काढणी

बांधालगतच्या पहिल्या ओळीतलं एक कणीस सोललं. चौदा ओळी दाण्यांच्या, पांढऱ्यात मधूनमधून फिकट लिंबू रंगाचे दाणे. आई पांढरी असली की पिवळा पूर्ण चढत नाही, लिंबासारखाच दिसतो, म्हणून उन्हात धरून बघावं लागतं. मोजले तर जवळपास चौथा हिस्सा. पाचव्या-सहाव्या ओळीत कणसामागे पंधरा-वीस. रानाच्या मध्यावर चार-पाच. लांबच्या टोकाला काही कणसांत एक, बऱ्याचशात शून्य. मक्याचा पराग जड असतो, बहुतेक जवळच पडतो, हे पुस्तकात वाचलं होतं. अण्णांनाही एक कणीस दाखवलं. ते हसून म्हणाले, "माझा मका तुझ्यात फुकट आला, बियाण्याचे पैसे दे."

४० चौकटी पाडल्या होत्या, प्रत्येकी साधारण दोनशे झाडं. बांधाकडच्या सहा चौकटी बियाण्यातून बाद, त्यांचा दाणा गाईंना. उरलेल्या ३४ मधून प्रत्येकी ५, एकूण १७० कणसं. पिवळ्या आयांच्या लेकींच्या कणसात पांढरे-पिवळे निम्मे-निम्मे आले, जसे यायला हवे तसे. त्यातले पिवळे वेचून टाकले. ताटात ओतून खिडकीच्या उजेडात वेचायचे, विजेच्या पिवळ्या दिव्याखाली फिकट दाणे सुटतात. पहिल्या रात्रीचं वेचलेलं सकाळी पुन्हा वेचावं लागलं.

दाण्याचा उतारा: १२ गुंठ्यांत ४ क्विंटलच्या वर थोडा. एकराला चौदा धरा. अण्णांना एकरी सव्वीस पडला. यंदा पाऊस उत्तम, उजनी भरलेली. अशा वर्षी संकरिताशी बरोबरी होणार नाही आणि ती करायला मी निघालोही नव्हतो. वैरण मात्र आमची सरस, ताट उंच आणि काढणीलाही पानं हिरवी. जादा दाणा यार्डात नेला. कोंबडीखाद्याला पिवळाच लागतो म्हणून व्यापाऱ्याने पांढऱ्याला क्विंटलमागे दीडशे कमी सांगितले. परत आणला. विकायला करणार असाल तर पांढऱ्याच्या नादी लागू नका.

१५ नोव्हेंबर २०२४

खरिपात ताणच पडला नाही, त्यामुळे दुष्काळाची निवड झालीच नाही. म्हणून रब्बीत मुद्दाम ताण द्यायचा. ६ गुंठे, १७० कणसांचे प्रत्येकी २४ दाणे. अण्णांच्या रानात ज्वारी आणि कांदा. यंदा परागाची काळजी नाही.

२ ते ३० जानेवारी २०२५ : पाणी तोडलं

तुरा पोंग्यात जाणवायला लागला तेव्हा ठिबकची चावी बंद. तुलनेला दोन ओळींचं पाणी चालू ठेवलं.

पहिला पंधरवडा काहीच फरक नाही. काळ्या रानात खाली ओल होती, पानं टवटवीत. मुरमाकडच्या टोकाची पानं मात्र चार-पाच दिवसांतच दुपारी सुरळी करायला लागली. म्हणजे पाणी एकाच दिवशी तोडलं तरी ताण रानभर सारखा नाही. चौकटी पाडल्या नसत्या तर पुन्हा उकिरड्यासारखाच घोळ झाला असता: सगळी चांगली झाडं काळ्या मातीतली. करणाऱ्याने शक्यतो हलक्या रानातच हे करावं. भारी जमिनीत पाणी निदान वीस दिवस आधी तोडावं लागेल.

लोकर पुन्हा आणली. मुरमात काही झाडांना तुऱ्यानंतर केस यायला आठ-नऊ दिवस लागले, काही तुऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी केसावर. ही दुसऱ्या दिवशीची झाडं उंचीला बेताची, तुरा लहान, किरकोळ. रानात फिरताना नजर त्यांच्यावर थांबत नाही. मोठा झुपकेदार तुरा असलेलं झाड ऐटीत दिसतं आणि केस मागे ठेवतं. धागे नसते तर मी ऐटीतलीच निवडली असती, शंभर टक्के.

पाणी चालू असलेल्या ओळींत सगळ्यांचेच केस दोन-तीन दिवसांत आले. पाण्यावर पाहिलं तर ह्या झाडांत फरकच दिसत नाही.

१८ मार्च २०२५

काढणी. २० चौकटी, प्रत्येकी ५, एकूण १०० कणसं. तुरा आणि केस यांच्यात जास्तीत जास्त दोन दिवस, शेंडा बंद, किडका दाणा नाही, आणि ताट पडलेलं नसावं. काही चौकटींत दोन दिवसांच्या आतली पाच भरली नाहीत, तिथे तीन दिवसांची घेतली. ती सोडून दिली असती तर मुरमाच्या दोन चौकटींमधून काहीच राहिलं नसतं.

दाण्यांचा रंग आता बहुतेक दुधी. क्वचित कणसात एखादा पिवळा निघतो. वेचताना निसटलेला असणार.

खर्च, बियाण्यापुरता

लोकर, मेणकागदाची पाकिटं, पिना, रंग, काठ्या मिळून अकराशेच्या आत. तुरे काढायची मजुरी दोन्ही खरिपांत मिळून चार हजारांच्या पुढे गेली, तोच मोठा खर्च. फवारण्या तीन हंगामांच्या साडेतीन हजार. घरच्यांचा वेळ धरलेला नाही. दोन वर्षांत संकरित पिशवीच आणली असती तर यापेक्षा कमीच लागलं असतं. इथून पुढे मात्र पिवळ्या आया नाहीत, म्हणजे तुरे काढायचं काम बंद.

६ एप्रिल २०२५

बी मागायला तिघे जण आले: एक माढ्याचा, एक मंगळवेढ्याकडचा, एक गावातलाच. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्काच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क आहे, तेव्हा देण्यात अडचण नाही. प्रत्येकाला शंभरही कणसांचे प्रत्येकी २० दाणे दिले, म्हणजे २,००० दाणे, तीन गुंठ्यांना पुरतात. गावातल्याला चार चांगली कणसंच हवी होती. "एवढे बारके दाणे कशाला, ते मोठं दे." नाही दिली. मंगळवेढ्याच्या भारी रानात हा काय करतो ते बघायची मला जास्त उत्सुकता आहे, कारण ताणातली खरी निवड मुरमाच्या कडेलाच झालीय.

खरीप २०२५ साठी: बार्शीचा अंश आता फार पातळ झालाय, आणि ताणात तोच सर्वांत चांगला उतरला होता. पाहुण्यांकडे गेलो तर त्यांनी गेल्या वर्षी लावलाच नव्हता. माझ्या डब्यात २०२३ च्या त्याच्या पुड्या आहेत, काही फोडलेल्या, काही अख्ख्या. उगवण बघायला आज गोणपाटात शंभर दाणे घातलेत.